सोमवारी सकाळी काटा का अडकतो? जळगावातल्या एका क्लाउड डेटाबेस तपासणीचं प्रकरण

जळगावातली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी केळी व्यापारासाठी प्रणाली चालवते. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतले केळी ग्रुप, काही फळ विक्री संस्था आणि थोडे जिनिंगवाले हे तिचे ग्राहक. बागेत कटाई झाली की गाडी काट्यावर येते, वजन प्रणालीत जातं, त्या दिवसाचा भाव लागतो, शेतकऱ्याच्या नावानं पावती निघते आणि माल दिल्ली-पंजाबकडे रवाना होतो. हे सगळं सकाळी, ऊन चढायच्या आत व्हावं लागतं. केळीचा घड ताटकळत ठेवला की डाग धरतो आणि भाव पडतो.

प्रत्येक मोठ्या ग्राहकाचा डेटा अझूरवरच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या, त्याच्या स्वतंत्र पोस्टग्रेस डेटाबेस सर्व्हरवर. रीजन सेंट्रल इंडिया, म्हणजे पुणे. रावेर भागातल्या एका ग्रुपची तक्रार अशी, की महिन्या-दीड महिन्यातून एखाद्या सकाळी काटा अडकतो. त्यांच्या दिवाणजींच्या शब्दांत सांगायचं तर, ‘काय सांगू भो, पावतीच निघत नाही. मागे गाड्यांची रांग लागते, ड्रायव्हर ओरडतात, आणि थोड्या वेळानं आपोआप सुरू बी होतं.’

आपोआप सुरू होणारा बिघाड शोधायला सगळ्यात अवघड. इंटरनेट बदलून झालं, काट्यावरचा संगणक बदलून झाला. प्रोग्रामरांनी सर्व्हरचा लॉग उघडला होता आणि त्यात ‘टर्मिनेटिंग कनेक्शन ड्यू टू अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड’ (प्रशासकाच्या आदेशानं कनेक्शन तोडत आहे) ही ओळ त्यांना दिसलीही होती. पण तिच्यासमोरची वेळ होती ०२:०४. रात्री दोनला काहीतरी झालं असेल, त्याचा सकाळच्या काट्याशी काय संबंध, असं म्हणून ती ओळ बाजूला पडली. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी क्लाउडची कामं बाहेरून घेतो. माझ्याकडे हे प्रकरण आलं तेव्हा मी पहिलं मागितलं ते सर्व्हरच्या तपशिलांचं: कुठली आवृत्ती, किती स्टोरेज, कुठला टियर (सर्व्हरचा दर्जा), बॅकअप किती दिवसांचा, देखभालीची वेळ कुठली, दारं कोणाला उघडी. उत्तरादाखल एक्सेलची फाइल आली.

यादी आणि वस्तुस्थिती

फाइल मनापासून केलेली होती. पण तिच्यात लिहिलं होतं ते सर्व्हर तयार करताना ठरवलेलं. त्यानंतर कुणी पोर्टलवर जाऊन स्टोरेज वाढवलं, कुणी टेस्टिंगसाठी फायरवॉल उघडली, कुणी टियर बदलला, त्यातलं काहीही फाइलमध्ये आलेलं नव्हतं. माझ्या अनुभवात हे सगळीकडे असंच असतं. हातानं लिहिलेली यादी आपला इरादा सांगते. सर्व्हर आज कसा आहे हे त्या सर्व्हरलाच विचारावं लागतं, आणि तेही रोज, न कंटाळता. ते काम माणसाचं नाही.

कंपनीकडे अ‍ॅन्सिबल आधीपासून होतं: सर्व्हरांची कामं लिहून दिलेल्या सूचनांनुसार आपोआप करणारं साधन. २०१२ मध्ये मायकेल डिहान यांनी सुरू केलेलं हे साधन, २०१५ मध्ये रेड हॅटनं विकत घेतलं. बहुतेक लोक ते बदल करण्यासाठी वापरतात: पॅकेज टाका, सर्व्हिस सुरू करा, फाइल कॉपी करा. पण त्याच्यात मॉड्यूलची (एकेक काम करणाऱ्या तयार तुकड्यांची) एक अख्खी जात नुसती विचारणा करणारी आहे. त्यांच्या नावाच्या शेवटी ‘_इन्फो’ असतं. पूर्वी यातल्या बऱ्याच जणांच्या शेवटी ‘_फॅक्ट्स’ असायचं. २०१९ मध्ये आलेल्या २.९ आवृत्तीपासून ते नाव बदललं. फॅक्ट्स हा शब्द ज्या मशीनवर प्लेबुक, म्हणजे कामांची लिहिलेली यादी, चालतं तिच्या माहितीसाठी राखून ठेवला गेला.

हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण नवीन मुलं इथेच अडखळतात. अ‍ॅन्सिबल प्लेबुकच्या सुरुवातीला आपोआप ‘गॅदरिंग फॅक्ट्स’ करतं, म्हणजे समोरच्या मशीनमध्ये शिरून तिची मेमरी, डिस्क, ऑपरेटिंग सिस्टिम विचारतं. क्लाउडवरच्या मॅनेज्ड डेटाबेसमध्ये असं शिरताच येत नाही. तिथे एसएसएचचं, म्हणजे दुरून मशीनमध्ये लॉगिन करायचं, दार नाही. आहे ते फक्त पोस्टग्रेसचं ५४३२ पोर्ट, आणि सर्व्हरची माहिती देतो तो अझूरचा एपीआय, म्हणजे प्रोग्रामनं प्रश्न विचारायची सोय. म्हणून असं प्लेबुक लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच मशीनवर, चालवायचं, फॅक्ट्स गोळा करणं बंद ठेवायचं, आणि मॉड्यूलनं अझूरला विचारून आणलेलं उत्तर ‘रजिस्टर’ करून एका व्हेरिएबलमध्ये धरायचं.

लोकलहोस्टवर चालवताना पायथनची एक खोच आहे. अझूरच्या कलेक्शनला (अझूरसाठीच्या मॉड्यूलांच्या संचाला) लागणाऱ्या पायथन लायब्ऱ्या आपण व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे पायथनच्या वेगळ्या कप्प्यात, टाकतो, आणि मॉड्यूल मात्र सिस्टिमचा पायथन उचलतं. मग लायब्ररी सापडत नाही म्हणून रडगाणं सुरू. इंटरप्रिटरचं व्हेरिएबल ‘अ‍ॅन्सिबल_प्लेबुक_पायथन’ वर लावलं की प्रश्न मिटतो.

हिरवा निकाल, रिकामी यादी

गंमत म्हणजे असं विचारणारं प्लेबुक कंपनीत आधीच होतं. पूर्वीच्या एका कर्मचाऱ्यानं ते लिहिलं होतं आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) रोज रात्री ते चालतही होतं. शेवटचा निकाल रोज हिरवा: ओके, चेंज्ड शून्य, फेल्ड शून्य. निकालाची फाइलही रोज तयार होत होती. ती उघडली तर आत एकच ओळ, ‘सर्व्हर्स’ आणि पुढे रिकामा चौकटी कंस.

तिथल्या एका तरुण सहकाऱ्यानं घाबरून विचारलं, ‘दादा, सर्व्हर उडाले का?’ सर्व्हर जागेवर होते. त्या क्षणी चोपड्याच्या काट्यावरून पावत्या निघत होत्या.

झालं होतं ते असं. अझूरवर पोस्टग्रेसचे दोन प्रकार होते, जुना सिंगल सर्व्हर आणि नवा फ्लेक्सिबल सर्व्हर. मायक्रोसॉफ्टनं सिंगल सर्व्हर २८ मार्च २०२५ ला निवृत्त केला. मायएसक्यूएलचा सिंगल सर्व्हर त्याआधीच, १६ सप्टेंबर २०२४ ला गेला होता. कंपनीनं मुदतीच्या आत सगळे ग्राहक फ्लेक्सिबलवर नेले, ते काम चांगलं झालं होतं. पण अझूरच्या लेखी हे दोन प्रकार वेगवेगळे रिसोर्स आहेत, आणि अ‍ॅन्सिबलच्या अझूर कलेक्शनमध्ये त्यांची मॉड्यूलंही वेगवेगळी. जुनं ‘अझूर_आरएम_पोस्टग्रेएसक्यूएलसर्व्हर_इन्फो’ जुन्या प्रकाराचीच चौकशी करतं. रिसोर्स ग्रुपचं (सर्व्हर ज्या गटात ठेवले त्याचं) नाव बरोबर, परवानगी बरोबर, आणि त्या प्रकाराचा सर्व्हर एकही शिल्लक नाही. उत्तर खरं होतं: रिकामं.

काट्यावर शून्य दिसलं म्हणजे गाडी नाही असं धरून चालत नाही. गाडी शेजारच्या काट्यावर उभी असू शकते. इन्फो मॉड्यूलची रीत अशी, की सापडलं नाही तर ते ओरडत नाही. सर्व्हरच्या नावात एक अक्षर चुकलं तरी त्रुटी येत नाही, नुसती रिकामी यादी येते. रचना म्हणून ते योग्य आहे, कारण ‘असा सर्व्हर आहे का?’ हे विचारण्यासाठीही हेच मॉड्यूल वापरतात. पण तपासणीसाठी वापरताना आपण त्याच्यापुढे अट उभी करायलाच हवी.

नवं प्लेबुक लिहिलं त्यात म्हणूनच विचारणेच्या लगेच खाली ‘असर्ट’ ही अट तपासणारी पायरी आली. यादी रिकामी नसावी, आणि आपल्या ओळखीच्या सर्व्हरांची नावं तिच्यात असावीत. यापैकी एकही खोटं ठरलं की प्लेबुक लाल होतं. मॉड्यूल बदलून ‘अझूर_आरएम_पोस्टग्रेएसक्यूएलफ्लेक्सिबलसर्व्हर_इन्फो’ घेतलं. रिसोर्स ग्रुपची नावं हातानं लिहिण्याऐवजी ‘अझूर_आरएम_रिसोर्सग्रुप_इन्फो’ कडून मागवली आणि त्यांच्यावर लूप फिरवला, म्हणजे उद्या नवा ग्राहक नव्या ग्रुपमध्ये आला तरी तो तपासणीतून सुटत नाही.

परवानगीचंही तिथेच निस्तरलं. जुनं प्लेबुक ज्या सर्व्हिस प्रिन्सिपलनं (प्रोग्रामसाठीच्या खात्यानं) अझूरशी बोलत होतं त्याला काँट्रिब्युटरचा रोल होता. म्हणजे रोज रात्री फक्त बघायला जाणाऱ्या माणसाच्या हातात सर्व्हर पाडायच्या किल्ल्या. नुसतं वाचणाऱ्याला रीडर रोल पुरतो. नवा सर्व्हिस प्रिन्सिपल रीडरचा केला आणि त्याचं सीक्रेट अ‍ॅन्सिबल व्हॉल्टमध्ये, म्हणजे त्याच्या कुलूपबंद फाइलमध्ये, ठेवलं. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. माहिती आणणारं खातं आणि बदल करणारं खातं वेगळंच असलं पाहिजे.

रावेरच्या सर्व्हरचं उत्तर

मग खरं उत्तर आलं. प्रत्येक सर्व्हरमागे एक मोठा गठ्ठा: नाव, रीजन, पूर्ण डोमेन नाव, आवृत्ती, एसकेयूचं (सर्व्हरच्या मॉडेलचं) नाव आणि टियर, स्टोरेज जीबीमध्ये, बॅकअपचे दिवस, हाय अव्हेलेबिलिटीचा प्रकार, नेटवर्क, टॅग. अ‍ॅडमिनचं लॉगिन नाव येतं. पासवर्ड येत नाही, तो एपीआय कधीच परत देत नाही. तरीही ही फाइल कुठेही पडू द्यायची वस्तू नव्हे.

रावेरच्या सर्व्हरच्या गठ्ठ्यात हा तुकडा होता:

मेंटेनन्स_विंडो:
कस्टम_विंडो: एनेबल्ड
डे_ऑफ_वीक: १
स्टार्ट_अवर: २
स्टार्ट_मिनिट: ०

एक्सेलमध्ये याच सर्व्हरसमोर लिहिलेलं होतं, ‘देखभाल: सोमवार रात्री २’. म्हणजे यादी आणि वस्तुस्थिती जुळत होती, असं कुणालाही वाटेल. पण फ्लेक्सिबल सर्व्हरच्या देखभालीची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. आठवड्याचे दिवस शून्यापासून, रविवार धरून मोजले जातात, म्हणून १ म्हणजे सोमवार. यूटीसी सोमवार पहाटे दोन म्हणजे आपल्याकडे सोमवार सकाळी साडेसात. तासाभराची ती खिडकी साडेसात ते साडेआठ. नेमक्या त्याच वेळात रावेरच्या काट्यावर पहिल्या गाड्या लागलेल्या असतात.

आता लॉगमधली ती ०२:०४ ची ओळ. अझूरवरच्या पोस्टग्रेसचा लॉगही यूटीसीतच असतो. रात्री दोनला काहीच झालेलं नव्हतं. सकाळी सात चौतीसला अझूरनं देखभालीसाठी सर्व्हर रीस्टार्ट केला, सगळी कनेक्शनं तुटली, आणि काट्यावरची पावती अडकली. सर्व्हर एक-दोन मिनिटांत परत उभा राहत असे, पण अ‍ॅपचा कनेक्शन पूल (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शनं) मेलेली कनेक्शनं धरून बसत असे, म्हणून दिवाणजींना तो खोळंबा बराच लांब जाणवे.

महिन्या-दीड महिन्यातून एकदाच का, याचंही उत्तर इथेच मिळालं. देखभाल दर सोमवारी होत नाही. दोन नियोजित देखभालींमध्ये साधारणपणे किमान तीस दिवसांचं अंतर असतं, आणि पाच दिवस आधी सूचना येते. सूचना येत होत्या. ज्या मेलवर त्या येत होत्या, तो माणूस नोकरी सोडून गेला होता.

हे सगळं पोर्टलवर बघून कळलं नसतं का? एका सर्व्हरचं कळलं असतं. पण तक्रार एकाचीच होती आणि हीच खिडकी आणखी काही सर्व्हरांवर होती. सर्व्हर तयार करताना एकाचं सेटिंग दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला असं चालत आलेलं. बाकीच्यांचा काटा उशिरा सुरू व्हायचा म्हणून त्यांची ओरड नव्हती इतकंच. सगळ्यांची खिडकी शेजारीशेजारी, भारतीय वेळेत फिरवून एका तक्त्यात आली तेव्हा तो प्रकार एका नजरेत दिसला. तक्ता तयार करताना टेम्प्लेटमध्येच साडेपाच तास मिळवले होते, दिवस बदलत असेल तर दिवसही.

दिवसाची ही गोष्ट दुरुस्तीत फार महत्त्वाची ठरली. सोमवारी रात्रीचे दोन, म्हणजे रविवारची रात्र उलटून दोन वाजतात ती वेळ, हवी असेल तर यूटीसीत ती रविवार रात्री साडेआठ होते. नुसता तास बदलून भागत नाही: दिवस ०, तास २०, मिनिटं ३०. कुणी तास-मिनिटं बदलून दिवस १ च ठेवला असता तर देखभाल मंगळवारी पहाटे दोनला गेली असती. त्यात काही बिघडलं नसतं, पण यादीत लिहिलेलं एक आणि सर्व्हरवर दुसरं, हा जुना घोळ पुन्हा सुरू झाला असता.

जिनिंगवाल्यांना मात्र रात्रीचे दोन चालेनात. दिवाळीनंतर कापूस आला की जिनं रात्रपाळीतही चालतात. त्यांना संध्याकाळी आठ, पाळी बदलते ती वेळ सोयीची होती. यूटीसीत दुपारी अडीच. प्रत्येक सर्व्हरवर ‘व्यवसाय’ असा टॅग लावला, केळी किंवा जिनिंग. इन्फो मॉड्यूलला टॅग देऊन हवे तेवढेच सर्व्हर मागवता येतात, त्यामुळे दोन्ही गटांची तपासणी वेगवेगळ्या अटींनी करता आली. बदल रीडर खात्यानं होणं शक्यच नव्हतं. तो वेगळ्या खात्यानं, आधी चेक मोडमध्ये (काही न बदलता, काय बदलेल ते बघायला) चालवून, मग प्रत्यक्ष केला. नंतर पुन्हा इन्फो चालवून आधीचं आणि नंतरचं उत्तर समोरासमोर ठेवलं. फक्त खिडकीच्या ओळी बदललेल्या दिसल्या, तेव्हा तो भाग संपला. कनेक्शन पूलची दुरुस्ती प्रोग्रामरांनी केली: कनेक्शन वापरण्याआधी ते जिवंत आहे का हे तपासायचं, नसेल तर टाकून नवं घ्यायचं.

त्याच गठ्ठ्यातून निघालेलं बाकीचं

शोधायला गेलो देखभालीची वेळ, पण तपशील एकदा हातात आल्यावर बाकीच्या गोष्टी लपून राहत नाहीत. एका सर्व्हरवर पोस्टग्रेस ११ होतं, ज्याचा मूळ प्रकल्पाकडून मिळणारा आधार नोव्हेंबर २०२३ मध्येच संपला आहे. जवळपास सगळीकडे बॅकअप सात दिवसांचा, म्हणजे जो आपोआप मिळतो तोच. फ्लेक्सिबल सर्व्हरवर तो ३५ दिवसांपर्यंत वाढवता येतो. शेतकऱ्याच्या हिशोबाची तक्रार आठवड्याभरात क्वचितच येते. तो पट्टी घेऊन येतो पंधरा दिवसांनी, मागची जोडून. तिथे सात दिवस अपुरेच होते.

सगळ्यात काळजीची गोष्ट फायरवॉलची. तिच्यासाठी वेगळं इन्फो मॉड्यूल आहे, ते प्रत्येक नियमाचा सुरुवातीचा आणि शेवटचा आयपी देतं. एका सर्व्हरवर नियम होता ०.०.०.० पासून २५५.२५५.२५५.२५५ पर्यंत. म्हणजे अख्ख्या जगाला दार उघडं, मध्ये फक्त पासवर्ड. नियमाच्या नावात ‘टेम्प’ असं लिहिलेलं होतं. तो त्याच दिवशी काढला. दोन्ही टोकांना ०.०.०.० असा नियम दिसला तर त्याचा अर्थ वेगळा असतो: अझूरमधल्या सगळ्या सेवांना आत येऊ द्या, आणि त्यात दुसऱ्या ग्राहकांच्या सेवाही येतात. तोही शक्यतो नसावा. हे दोन्ही आता असर्टमध्ये आहेत.

सध्याची घडी अशी आहे. प्लेबुक रोज पहाटे चालतं, प्रत्येक सर्व्हरचं उत्तर ठरावीक क्रमानं लावून एका फाइलमध्ये ठेवतं आणि ती फाइल गिटमध्ये, म्हणजे फाइलींमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात, जाते. काही बदललं नसेल तर गिट गप्प राहतं. बदललं असेल तर नेमक्या बदललेल्या ओळी टीमच्या ग्रुपवर येतात. कुणी पोर्टलवर जाऊन स्टोरेज वाढवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळ्यांना दिसतं, आणि पोस्टग्रेसच्या या सर्व्हरवर वाढवलेलं स्टोरेज कमी करता येत नाही हे लक्षात घेता ते दिसणं फार मोलाचं आहे. एक्सेलची फाइल आम्ही ठेवली आहे, पण तिच्यातले आकडे काढून टाकले. तिच्यात आता एकच रकाना महत्त्वाचा: हे असं का ठेवलं आहे. जिनिंगची खिडकी संध्याकाळी आठला का, हे कुठलाही एपीआय सांगणार नाही.

एक काम उरलं आहे. जिओ-रिडंडंट बॅकअप, म्हणजे पुण्याची एक प्रत जोडीच्या साउथ इंडिया रीजनमध्ये, चेन्नईला, कोणत्याच सर्व्हरवर चालू नाही. ती सोय सर्व्हर तयार करतानाच निवडावी लागते, नंतर चालू करता येत नाही. म्हणजे नवा सर्व्हर उभारून डेटा हलवणं आलं. मोठ्या ग्राहकांसाठी ते करायचं ठरलं आहे, कटाईचा जोर ओसरल्यावर, आणि त्यात पहिला नंबर रावेरच्या ग्रुपचा आहे. पोस्टग्रेस ११ वाला सर्व्हरही त्याच वेळी नव्या आवृत्तीवर जाईल, म्हणजे एकाच बंदमध्ये दोन्ही कामं उरकतील. दिवाणजींनी तारीख मागितली आहे. ती बागांचा अंदाज बघून तेच ठरवणार आहेत.